पेठ वसवण्याचा कौल

‘कौल’ हा मुळात अरबी शब्द. अर्थ, दिलेलं वचन. आज आपण देवाला कौल लावतो, मतमोजणीनंतर जनतेचा कौल म्हणतो. दख्खनेत मात्र कैक शतकं याच शब्दाच्या बळावर गावं वसली. दुष्काळानं, लढायांनी ओस पडलेल्या गावी माणसं परत यावीत म्हणून सरकार कौल देई. त्यातला इस्तावा मला फार शहाणपणाचा वाटतो. पहिल्या वर्षी शेतसारा नावापुरता, मग दरसाल थोडा थोडा चढता. जमीन लागवडीला आली, घर उभं राहिलं, की पुरा. आल्या आल्या कुणाचं मानगूट धरायचं नाही.

पेठांचंही तेच. पुण्यातली शुक्रवार पेठ जिवाजीपंत खासगीवाल्यांनी अठराव्या शतकात वसवली. नव्या पेठेत येणाऱ्या उदम्याला काही वर्षं करमाफी, वेठबिगार माफ, घराला जागा. ही माणसं जमवायची कुणी? पेठेचे वतनदार असलेल्या शेटे-महाजनांनी. पेठ भरली तरच त्यांचा हक्क: तेल्याकडून तेल, तांबोळ्याकडून पानं. दुकानं उठली तर वतन कोरडं. म्हणून आलेला माणूस टिकावा याची काळजी त्यांना आपोआपच असे.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये कोल्हापुरात गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली. पुढे मिरज-कोल्हापूर रेल्वेच्या कडेला, वडिलांच्या नावानं, जयसिंगपूर. सरळ आखलेल्या गल्ल्या, त्यांना नुसते क्रमांक. पत्ता सांगताना लोक आजही ‘सहावी गल्ली’ म्हणतात. स्टेशन आणि पेठ शेजारी असल्यानं व्यापारी आला, त्याच्यामागं हमाल, शिंपी, खानावळवाला.

मुंबई-पुण्याकडची कारखान्यांची रीघ थोपवायला महाराष्ट्र सरकारनं १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना आणली. तालुका जितका मागास, तितकी सवलत जास्त. हाही कौलच, इस्ताव्याच्याच वंशातला. पण कौल घेणारा बदलला. पूर्वी तो बायकापोरांसह येणाऱ्या माणसाला मिळे, आता कारखान्याला मिळतो. माणसं मागोमाग येतील असं धरून चाललेलं. राहायला जागा, मुलांना शाळा, प्यायला पाणी यांचं वचन त्या कागदात कुणालाच नाही, आणि हे मला मनापासून खटकतं.

संध्याकाळी पाळी सुटली की एमआयडीसीच्या फाटकावर वडापच्या जीपगाड्या लागलेल्या असतात. कंत्राटी पोरं दाटीवाटीनं बसतात, डबे मांडीवर घेतात आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या आपापल्या गावी परत जातात.