गोव्याच्या वाटेवरचे परके

सीमाभाग म्हटले की आपल्याला १ नोव्हेंबर १९५६ आठवतो. पण आम्हा गुंजीकरांना त्याआधीही एक सीमा होती, आणि ती चक्क परदेशाची! बेळगावहून निघालेली गाडी खानापूर, गुंजी करीत लोंढ्याला येते; तेथून पश्चिमेचा फाटा तिनईघाटावरून कॅसलरॉकला जातो. त्यापुढे १९६१ पर्यंत पोर्तुगालचे राज्य होते. कॅसलरॉकला जकातीचे नाके, ट्रंका उघडून झडती, आणि मग घाट.

या सीमेवरून सत्याग्रही आत शिरू लागले तेव्हा पहिला प्रश्न उभा राहिला तो परकेपणाचा. १५ ऑगस्ट १९५४ च्या सत्याग्रहात भारत सरकारने फक्त गोमंतकीयांनाच जाऊ दिले. आल्फ्रेड अफोन्सो यांच्या तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा चढविला. बाहेरच्यांनी यात पडू नये, हे दिल्लीचे धोरण. लिस्बनलाही तेच हवे होते. गोव्यात असंतोष नाहीच, उपद्रव परक्यांचा, हा सालाझारचा घोष होता. दोन्ही सरकारांचे एवढे तरी एकमत होते!

हे कुंपण मोडले ते १८ मे १९५५ रोजी. पुण्याच्या गोवा विमोचन सहाय्यक समितीची पहिली तुकडी ना. ग. गोरे यांच्या नेतृत्वाखाली आत शिरली. सोबत चौऱ्याहत्तर वर्षांचे सेनापती बापट. मार सर्वांनाच बसला. गोऱ्यांना लष्करी न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली. पाठोपाठ मधु लिमये गेले, बंगालचे खासदार त्रिदिब चौधुरी गेले. चौधुरींचे कोकणीशी नाते ते काय? पण एकोणीस महिने त्यांनी सालाझारच्या तुरुंगात काढले.

मला मात्र राहून राहून आठवतो तो कर्नेलसिंग. लुधियाना जिल्ह्यातल्या इसरू गावचा, पंचविशीतला प्राथमिक शिक्षक, नुकतेच लग्न झालेला. १५ ऑगस्ट १९५५ ला हजारो सत्याग्रही ठिकठिकाणांहून एकाच दिवशी सीमा ओलांडून गेले. कॅसलरॉकच्या बाजूनेही रुळांवरून गेले. बांद्याजवळ पत्रादेवीला मध्य प्रदेशातल्या सागरच्या सहोदराबाई राय झेंडा घेऊन पुढे झाल्या आणि गोळी लागून जखमी झाल्या. तेव्हा कर्नेलसिंग पुढे आला, असे सांगतात. तो तेथेच पडला. त्या दिवशी वीसहून अधिक माणसे गेली. ज्या मातीत तो पडला तिची भाषा त्याला येत नव्हती; येथे कोणाला पंजाबी येत नव्हती. आपण भाषेवरून आपला-परका ठरविणारी माणसे. ते चूक, असे मी म्हणणार नाही. आपली मुले कोणत्या भाषेत शिकणार हा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण या शिक्षकाला कोणत्या रकान्यात घालायचे, हे मला कधी उमगलेले नाही.

त्यानंतर भारताने सत्याग्रह थांबविला, नाकेबंदी कडक केली. गुंजीवरून गोव्याला जाणारी वाहतूक कॅसलरॉकलाच अडली. गोरे, लिमये, चौधुरी १९५७ मध्ये सुटले; सहोदराबाई त्याच वर्षी लोकसभेवर निवडून आल्या.

डिसेंबर १९६१ मध्ये फौजा जमल्या त्या आपल्या बेळगावातच. एक फळी अनमोडकडून मोल्याला उतरली. तिच्यात पलटणी होत्या बिहारी आणि शीख.