छापावरून ओळखला जाणारा माल

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या बाजारात कापड किंवा सूत घेऊन उतरणाऱ्या पेढीला चिन्हाची शैली निवडताना फारसा विचार करावा लागत नसे. चिन्ह म्हणजे चित्रच. मँचेस्टरहून येणाऱ्या ताग्यांवर रंगीत शिळाछापाची कागदी तिकिटे चिकटवलेली असत. त्यांवर देवदेवता, वाघ, हत्ती, राजेमहाराजे, कधी आगगाडीही असे. इंग्रजी अक्षरे वाचू शकणारे गिऱ्हाईक थोडे, त्यामुळे माल छापाच्या नावानेच मागितला जाई. चित्र कोणते घ्यायचे हे मालकाच्या आवडीपेक्षा गिऱ्हाइकाच्या तोंडी कोणते नाव बसेल यावर ठरे.

याची उत्तम साक्ष एका खटल्यात सापडते. स्कॉटलंडची ऑर-युइंग ही पेढी लाल रंगवलेले सूत एडन आणि मुंबईला पाठवी. तिच्या तिकिटावर दोन हत्ती होते, म्हणून बाजारात तो माल ‘बे हाथी’ या नावाने खपे. पुढे दुसऱ्या एका पेढीनेही आपल्या तिकिटावर दोन हत्ती घेतले. मांडणी वेगळी होती आणि दोन्ही तिकिटे शेजारी ठेवली तर फरक सहज कळत होता. वाद थेट लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि 1882 साली निकाल ऑर-युइंगच्या बाजूने लागला. लंडनच्या न्यायाधीशाला दिसणारा फरक इथे गैरलागू होता. दोन हत्तींचे सूत मागणाऱ्याच्या हाती दुसराच माल पडू शकतो, एवढे पुरेसे होते.

कायद्यानेही बाजाराची ही रीत मान्य केली. ब्रिटनच्या 1905 च्या कायद्यानुसार सुती कापडासाठी नुसत्या शब्दांचे चिन्ह नोंदवता येत नसे. भारतात 1889 च्या कायद्याने खोट्या चिन्हांना शिक्षा ठेवली, पण चिन्हांची नोंदणी मात्र 1940 च्या कायद्यानेच आली. तोवर आपला छाप आपलाच हे सिद्ध करायला व्यापाऱ्याला मुख्यतः बाजारातल्या ओळखीचा आधार होता.

चित्रांची ही सत्ता कापडापुरती राहिली नाही. काड्यापेट्या, विड्या, साबण, तेल सगळीकडे ‘अमुक छाप’ रूढ झाले. स्वतंत्र भारताच्या 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पक्षांना चित्रचिन्हे दिली गेली तीही याच कारणाने. मतदाराला वाचता येईलच असे गृहीत धरता येत नव्हते, आणि काँग्रेसची बैलजोडी वाचावी लागत नव्हती.

जाहिरात संस्थांचा जम बसल्यावर चित्राला स्वभाव आला. एअर इंडियाचा महाराजा 1946 साली बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी घडवला. 1954 साली आर. के. लक्ष्मण यांनी एशियन पेंट्ससाठी रंगाचा डबा आणि कुंचला घेतलेला खोडकर गट्टू काढला. रंगासारखा रुक्ष माल एका पोराच्या चेहऱ्याने घरोघरी पोचावा, ही युक्ती जुन्या तिकिटांच्याच वंशातली, फक्त विनोद नवा.

खरा पालट झाला तो साक्षरता वाढली आणि संस्था राष्ट्रव्यापी झाल्या तेव्हा. भाषा बदलली तरी चालेल असे साधे, भौमितिक चिन्ह बँकांना हवे होते. शेखर कामत यांनी 1971 च्या सुमारास स्टेट बँकेसाठी केलेल्या निळ्या वर्तुळात ना हत्ती आहे ना अक्षर. त्यात कुणाला कुलपाचे छिद्र दिसते. मुंबईत सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी अक्षरालाच चित्र केले. ‘वेलकमग्रुप’ हॉटेलांसाठी त्यांनी इंग्रजी डब्ल्यूमधून नमस्काराचे जोडलेले हात उभे केले. चित्र, अक्षर आणि अर्थ एका आकारात बसवणारी ही शैली सर्वांत अवघड, आणि म्हणूनच तिची नक्कल बहुधा फसते.

पुढे मोठ्या कंपन्यांचा कल नावाच्या अक्षरांकडे गेला. एशियन पेंट्सने 2002 साली गट्टूला निरोप दिला आणि चिन्ह म्हणून कंपनीचे नावच पुढे आणले.