बिहारी केसाळ अळी

एरेबिडी कुलाच्या आर्क्टिनी उपकुलातील, म्हणजे व्याघ्र पतंगांच्या गटातील, बहुभक्षी पतंग व त्याची अळी. शास्त्रीय नाव स्पायलार्क्टिया ऑब्लिका. जुन्या ग्रंथांत स्पायलोसोमा ऑब्लिका. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ फ्रान्सिस वॉकर यांनी १८५५ मध्ये हिचे वर्णन केले. सोयाबीन, सूर्यफूल, भुईमूग, तीळ, मूग, उडीद, एरंडी अशा अनेक पिकांवर ती जगते. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाचही तालुक्यांत खरिपात सोयाबीन मोठ्या प्रमाणावर असल्याने हिंगोली जिल्ह्यात तिची ओळख असणे गरजेचे आहे.

पतंगाचे पंख फिकट पिवळसर असून त्यांवर काळे ठिपके असतात; पोट लाल, त्यावरही काळे ठिपके. मादी पानाच्या खालच्या बाजूला फिकट हिरवी अंडी पुंजक्यांनी घालते.

शेतकऱ्याच्या हाती खरी संधी येते ती अंडी फुटल्यानंतर. लहान अळ्या पांगत नाहीत. एकाच पानाखाली दाटीने राहून त्या हरितद्रव्य खरवडतात आणि मागे कागदासारखे पातळ, जाळीदार पान उरते. हिरव्यागार सोयाबीनमध्ये असे पांढुरके पान लांबूनही दिसते. ते अळ्यांसकट तोडून नष्ट केले की शेकडो अळ्या एकदम संपतात. तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीमुळेही पान असेच होते. पण तिच्या अंड्यांच्या पुंजक्यावर भुरकट केसांचे आवरण असते आणि अळीचे अंग गुळगुळीत असते. उपाय दोघींनाही तोच लागू पडतो, म्हणून ओळख पटण्याची वाट पाहत थांबू नये.

मोठी अळी सुमारे चार सेंटिमीटर लांब, नारिंगी-पिवळ्या अंगाची, दोन्ही टोकांना काळसर व लांब केसांची असते. ती शेतभर पसरते, शिरा सोडून सारे पान खाते आणि एक शेत संपले की शेजारच्या शेतात शिरते; तिला अडवण्यासाठी धुऱ्यालगत चर खोदतात. या अवस्थेत फवारणीचा परिणाम कमी होतो. उघड्या हाताने अळी धरू नये, केसांनी त्वचेला खाज सुटते. पतंगांसाठी प्रकाश सापळे आणि अळ्या लहान असताना पाच टक्के निंबोळी अर्क उपयोगी पडतो.

कोषावस्था पालापाचोळ्यात किंवा मातीत जाते. स्वतःचे केस रेशमात गुंफून अळी कोष विणते. पीक निघाल्यावर खोल नांगरट केल्यास हे कोष उघडे पडून उन्हाने मरतात किंवा पक्षी टिपतात.