पोटातल्या गोळ्याचा इतिहास

रोलर कोस्टरला फ्रेंच, स्पॅनिश आणि इटालियन माणसे ‘रशियन डोंगर’ म्हणतात. रशियन माणूस मात्र त्यालाच ‘अमेरिकन टेकड्या’ म्हणतो. म्हणजे ज्याच्या नावावर निम्म्या युरोपने हा खेळ चढवला, त्याने तो परस्पर तिसऱ्याच्याच सातबाऱ्यावर नोंदवून टाकला! गावाच्या नावाची पाटी कोणत्या भाषेत असावी यावर ज्यांच्या दोन पिढ्या खर्ची पडल्या, त्या आपल्या सीमाभागातल्या वाचकाला यातली गंमत उलगडून सांगायला नको. मराठीने या वादात न पडता ‘रोलर कोस्टर’ हा शब्द आहे तसा उचलला. मला त्याचे थोडे वाईट वाटते. कारण या कुळातल्या थोरल्या भावाला आपण फार नेमके नाव दिले होते – रहाटपाळणा.

रहाट हा विहिरीवरचा. मूळ संस्कृत अरघट्ट. गाडगी भरून वर येतात, रिकामी होऊन खाली जातात. त्या गाडग्यांच्या जागी पोरे बसवली की झाला रहाटपाळणा. कानडी माणूसही पाळण्याला ‘तोट्टिलु’ म्हणतो, तेव्हा झोळीतल्या बाळापासून जत्रेतल्या पोरापर्यंत एकच शब्द पुरवण्याची काटकसर दोन्ही भाषांनी केलेली दिसते. कागलचा गैबी पिराचा उरूस, निपाणीचा उरूस, आप्पाचीवाडीची हालसिद्धनाथाची यात्रा, ही तिन्ही ठिकाणे कोगनोळीकराच्या टप्प्यातली. दूधगंगेच्या पुलाच्या एका अंगाला कर्नाटक, दुसऱ्या अंगाला महाराष्ट्र. पाळणेवाल्याला त्याचे सोयरसुतक नाही. त्याचे पंचांग जत्रांचे.

जुना लाकडी पाळणा चार पेट्यांचा आणि हाताने फिरवायचा. त्याची करकर ऐकूनच अर्धे पैसे वसूल होत. भीती होतीच, पण ती कोणाच्या हातात आहे हे समोर दिसत असे. फिरवणारा घामाघूम झालेला असे आणि ‘बस कर की रे’ म्हटले तर तो थांबवीही. या मुद्द्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

लोखंडी पाळण्याचा आद्यपुरुष अमेरिकेतला. जॉर्ज फेरिस या इंजिनियरने शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात ८० मीटर उंचीचे चाक उभे केले. छत्तीस डबे, प्रत्येकात साठ माणसे. म्हणजे एका वेळी दोन हजारांवर माणसे अधांतरी! ऑक्टोबर १८९२ मध्ये आपल्या बेळगावात वकील भाटे यांच्याकडे उतरलेले स्वामी विवेकानंद पुढच्या ११ सप्टेंबरला शिकागोत बोलायला उभे राहिले, त्या दिवसांत हे चाक त्याच शहरात फिरत होते. सर्वधर्म परिषद त्या प्रदर्शनाच्या निमित्तानेच भरली होती.

पण चाक गोल फिरते आणि पुन्हा जागेवर येते. घसरणीचा खानदानी धंदा वेगळा. सेंट पीटर्सबर्गच्या परिसरात हिवाळ्यात लाकडी मनोरे उभारून, त्यांच्या उतारावर पाणी ओतून बर्फ करत आणि त्यावरून घसरत. अठराव्या शतकात राणी दुसरी कॅथरिन हिच्या हौसेखातर ओरानियेनबाउमच्या राजवाड्यात चाकांच्या गाड्यांची घसरण बांधली गेली, म्हणजे उन्हाळ्याचीही सोय झाली. १८१७ साली पॅरिसमध्ये अशा दोन घसरणी सुरू झाल्या. त्यांतल्या एकीचे नावच ‘रशियन डोंगर’. नाव चिकटले ते चिकटलेच.

अमेरिकेत मात्र हा खेळ राजवाड्यातून आला नाही, कोळशाच्या खाणीतून आला. पेनसिल्व्हेनियात मॉक चंक येथे १८२७ साली कोळसा खाली आणण्यासाठी रूळ टाकले गेले. भरलेल्या गाड्या उतारावरून आपोआप खाली येत आणि रिकाम्या गाड्या खेचरे ओढून वर नेत. वर गेलेली खेचरे परत कशी आणायची? तर त्यांच्यासाठी वेगळी गाडी, तीत उभी राहून तीही खाली येत. या खेचरांना गाडीची इतकी चटक लागली, की पुढे ती उतार पायी उतरायला तयार होईनात, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी देव जाणे, पण रोलर कोस्टरचे पहिले शौकीन कोण, या प्रश्नाचे यापेक्षा चांगले उत्तर मला सापडलेले नाही. मागाहून माणसेही पैसे देऊन त्या रुळांवरून फिरू लागली.

१८८४ साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्पसन याने खास करमणुकीसाठी रूळ टाकले. भाडे पाच सेंट, वेग ताशी दहा किलोमीटर. निपाणीच्या बाजारपेठेतून सायकल याहून जोरात जाते. तरी लोकांच्या रांगा लागल्या. मग वेगाची, उंचीची चढाओढ सुरू झाली आणि तिच्याबरोबर अपघातांचीही.

या खेळाचा खरा इतिहास मला इथे दिसतो. उंचीचे आकडे जाहिरातीत छापतात, पण या धंद्यातली मोठी माणसे ती, ज्यांनी गाडी रुळांवर राहील कशी, याचा विचार केला. जॉन मिलर हे त्यांतले अग्रगण्य नाव. साखळीने गाडी चढावर ओढली जाताना खालून टक-टक-टक असा आवाज येतो. पुष्कळांना वाटते, काहीतरी मोडले. मोडलेले काही नसते. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून दातऱ्यांत अडकत जाणारी ती अडकण असते. रहाटालाही अशीच अडकण असते, नाहीतर बैल थांबताच भरलेल्या गाडग्यांच्या वजनाने चाक उलटे फिरेल. पंजाबात तिला ‘कुत्ता’ म्हणतात आणि इंग्रजी कारागीरही अशा अडकणीला ‘डॉग’च म्हणतात. दोन्हीकडे राखणीला कुत्राच ठेवला!

मिलरचे दुसरे काम त्याहून मोठे. १९१९ साली त्याने रुळाच्या खालून धरणाऱ्या चाकांचे पेटंट घेतले. वरची चाके वजन पेलतात, बाजूची वळणावर सांभाळतात आणि खालची चाके गाडीला रुळावरून उचलू देत नाहीत. आपण बाकावरून उचलले जातो, पोटात गोळा येतो, आणि गाडी मात्र रुळाला मिठी मारून असते. आज जी उंच उडी वाटते, ती या तिसऱ्या चाकाच्या जिवावर.

उलटे फिरण्याची कथाही अशीच. १८९५ साली कोनी आयलंडवर ‘फ्लिप फ्लॅप’ नावाची गाडी उभ्या वर्तुळातून फिरू लागली. वर्तुळ अगदी गोल होते, त्यामुळे गाडी तळाशी शिरताच मानेला जबर हिसका बसे. माना अवघडलेली माणसे दुसऱ्यांदा कशाला येतील? काही वर्षांतच तो खेळ संपला. पुढे १९७६ साली कॅलिफोर्नियात जर्मन इंजिनियर वेर्नर श्टेंगेल यांनी आखलेला फेरा आला तो थेंबासारखा, खाली पसरट आणि वर आवळलेला. वळण एकदम न देता हळूहळू घट्ट करत नेणे, ही त्यातली युक्ती. रेल्वेचे आणि महामार्गाचे वळण आखणारेही हीच युक्ती वापरतात. तवंदी घाटातून एस.टी.ने जाताना वळणावर ज्यांचे डोके खिडकीला आपटले आहे, त्यांना त्या युक्तीची किंमत पटेल.

आपल्याकडे दिल्लीत १९८४ साली अप्पू घर आले आणि १९८९ साली गोराईला एस्सेल वर्ल्ड. लाँचमधून खाडी ओलांडून जायचे, हीच अर्धी मजा. शाळांच्या मुंबई सहलीत राणीच्या बागेशेजारी त्याचे नाव जाऊन बसले. २०२२ साली ते बंद झाले. तिथली रोलर कोस्टर आजच्या मापाने लहानच, पण एका सबंध मराठी पिढीच्या पोटातला पहिला गोळा तिथला आहे.

आता कोगनोळीच्या नाक्यावर उभे राहिले, तर महामार्ग दोन्हीकडे जातो. उत्तरेला सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास खोपोलीजवळचे इमॅजिका, २०१३ पासूनचे. दक्षिणेला सहाशेच्या घरात बेंगळुरूजवळ बिडदीचे वंडरला, २००५ पासूनचे. ज्यांची मुले पुण्यात, ते वर जातात. ज्यांची बेंगळुरूला, ते खाली.

माझे मत विचाराल तर इमॅजिकातली ‘नायट्रो’ उजवी. स्विस कंपनीची बांधणी, सुमारे चाळीस मीटर उंची, ताशी शंभरावर वेग, पाच वेळा उलटे, आणि पायाखाली फळीच नाही. पण तिची थोरवी आकड्यांत नाही. पाचही फेऱ्यांत मानेला हिसका असा जवळजवळ जाणवत नाही, ही तिची थोरवी. वंडरलाची ‘रिकॉइल’ थोडी आडदांड. ती आधी मागे ओढून उंच नेते, मग सोडून देते, आणि तीन वेळा उलटी करून झाली की तेच सगळे पाठमोरे करायला लावते. पुढचे दिसत नाही, हा तिचा गुण. मान अवघडते, हा दोष.

आणि जत्रेतला पाळणा? त्याच्यावरचे माझे प्रेम आटलेले नाही, पण आता तो मोटारीवर फिरतो आणि फिरवणारा खाली बटणाशी बसलेला असतो. करकर थांबली, हाक पोचत नाही. आज या गावी उभारायचा, चार दिवसांनी खोलून पुढच्या गावी न्यायचा, अशा यंत्रात प्रत्येक नट पुन्हा तितकाच आवळला गेला पाहिजे. म्हणून मी पोरांना बसवण्याआधी पाळण्याला एक प्रदक्षिणा घालतो. पेटीची कडी, तिची खीळ, पायाखालचे ठोकळे पाहतो. पाळणेवाले हसतात. एकाने मात्र स्वतःहून पाना आणून कडी आवळून दाखवली. त्याच्याकडे मी दोन तिकिटे जास्त काढली.

रोलर कोस्टरला नव्याने जाणाऱ्यांनी पुढच्या बाकासाठी भांडू नये. पुढून देखावा चांगला, पण माथा ओलांडताना शेवटचा डबा पुढच्यांच्या ओढीने हिसकला जातो आणि गोळा तिथेच खरा येतो. चष्मा काढून ठेवावा, आणि जेवण उतरल्यावर करावे.