मंडई, नूडल्स आणि बाबांचं परतीचं तिकीट



बाबा तीन महिन्यांसाठी आलेत. मागच्या शनिवारी त्यांना क्वीन व्हिक्टोरिया मार्केट दाखवायला नेलं. मेलबर्नकरांना ही जागा सांगायला नको. सिडनी-पर्थवाल्यांनी पुण्याच्या मंडईचा थोरला भाऊ समजावा. थोरला म्हणजे वयानेही. आपली मंडई 1886 ची, तेव्हाचं रे मार्केट. नगरपालिकेत असताना ज्योतिराव फुल्यांनी तिच्या खर्चाला विरोध केला होता, त्यापेक्षा शिक्षणावर पैसा घाला म्हणून. आणि पुढे मंडईला नाव लागलं ते त्यांचंच! इथलं मार्केट रीतसर उघडलं 20 मार्च 1878 ला, म्हणजे आठ वर्षं आधी.

हे सगळं मी मोठ्या ऐटीत सांगितलं. बाबा निवृत्त मास्तर. कोथिंबिरीच्या जुडीचा भाव रुपयांत गुणून झाल्यावर (ती सवय कुणाची सुटत नाही) त्यांनी विचारलं, "अरे, इमारत राहू दे. तेव्हा इथे भाजी कोण पिकवायचं?"

मला उत्तर येईना. आठ वर्षं मी तिथून भाजी नेतोय. जॅम डोनटच्या गाडीपुढे रांग लावतोय, बोरेक खातोय. जुन्या कब्रस्तानावर मार्केट वाढलं आणि हजारो माणसं अजून खाली पुरलेली आहेत, हेही ऐकून होतो. पण हा साधा प्रश्न कधी पडला नव्हता. आम्ही इंजिनियर लोक चालू सिस्टीमच्या पोटात उगाच डोकावत नाही, त्यातलीच गत.

खरेदी आटोपून पिशव्यांसकट चालत लिटल बर्क स्ट्रीटला, चायनाटाऊनमध्ये गेलो. तिथल्या एका गल्लीत, कोहेन प्लेसला, 1985 पासून चिनी इतिहासाचं संग्रहालय आहे. अर्धं उत्तर तिथे मिळालं. बाकीचं नंतर वाचून काढलं, ते असं.

1851 मध्ये व्हिक्टोरियात सोनं सापडलं आणि दक्षिण चीनमधून हजारो माणसं आली. 1855 मध्ये इथल्या सरकारने प्रत्येक चिनी माणसामागे 10 पौंड कर लावला. मग जहाजं शेजारच्या साऊथ ऑस्ट्रेलियात, रोब नावाच्या बंदरात माणसं उतरवू लागली. तिथून ती शेकडो किलोमीटर चालत सोन्याच्या खाणींकडे गेली. सोनं आटल्यावर अनेकांनी भाजीचे मळे केले. पाण्याजवळचा तुकडा खंडाने घ्यायचा, कावडीने पाणी घालायचं, माल मार्केटला न्यायचा नाही तर दारोदार विकायचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शहरं जी भाजी खात होती, तिचा मोठा हिस्सा या लोकांच्या हातचा होता. हे बाबांच्या प्रश्नाचं उत्तर.

पण मला अडकवलं एका आकड्याने. 1861 च्या जनगणनेत व्हिक्टोरियात चिनी पुरुष सुमारे 24,700. आणि बायका किती? फक्त 8. म्हणजे हे मळेवाले बहुतेक सगळे एकटे. कुणाची बायको गावी, कुणाचे आईवडील गावी. पैसे पाठवायचे आणि जमलं तर काही वर्षांनी एक फेरी.

1901 मध्ये देश एक झाला आणि लगेच परदेशी माणसांना अडवणारा कायदा आला. बंदरावरचा अधिकारी कुठल्याही युरोपीय भाषेतला 50 शब्दांचा उतारा वाचणार, तो लिहून दाखवायचा. इंग्रजी येत असेल तर दुसऱ्या भाषेत परीक्षा! आपली माणसंही ब्रिटिश प्रजा असून यातून सुटली नाहीत. आयईएलटीएसचे मार्क कमी पडले म्हणून मी एकदा दोन दिवस जेवलो नव्हतो, ते आठवून आता हसू येतं. निदान माझी भाषा तरी आधी माहीत होती.

त्या कायद्यात बायको-मुलांना आणायची थोडी सोय होती, तीही 1903 मध्ये थांबवली. पून गूई नावाचा एक फळांचा व्यापारी इथेच व्हिक्टोरियात राहायचा. इंग्रजी उत्तम, धंदा चांगला. त्याची बायको हॅम हॉप 1910 मध्ये सहा महिन्यांच्या परवान्यावर आली. मुदती वाढवत राहिले, इथे दोन मुली झाल्या. अनेक गोऱ्या लोकांनी त्यांची बाजू घेतली. तरी सरकारने ऐकलं नाही आणि 1913 मध्ये तिला मुलींना घेऊन देश सोडावा लागला.

आता नूडल्सकडे येतो. संग्रहालयानंतर आम्ही रामेन खायला बसलो. रामेन जपानी, पण मूळ शेवया चिनी. टोकियोच्या आसाकुसा भागात 1910 साली राईराईकेन नावाची खाणावळ निघाली, तिथे योकोहामाहून आणलेले चिनी आचारी होते. रामेन जपानभर लोकप्रिय होण्यात तिचा मोठा वाटा मानतात. तिकडे चिनी आचाऱ्याच्या वाडग्यासाठी गर्दी, आणि त्याच वर्षी इकडे हॅम हॉप सहा महिन्यांच्या कागदावर उतरत होती. पुढे 1958 मध्ये ओसाकाजवळच्या इकेदा गावात मोमोफुकू आंदोने झटपट नूडल्स बाजारात आणल्या. ("म्हणजे मॅगीचा आजोबा," इति बाबा. बरोबरच आहे, मॅगी आपल्याकडे 1983 ची.) त्याच 1958 च्या नव्या कायद्याने इथली ती उताऱ्याची परीक्षा रद्द झाली. वंश बघून माणूस घेण्याचं धोरण पूर्ण मोडीत निघायला मात्र 1973 उजाडलं.

बाबांनी काट्याने, पण वाडगा संपवला. मग म्हणाले, "त्या बाईलासुद्धा मुदतीचाच कागद होता ना? माझ्यासारखा?"

मी म्हटलं, "बाबा, तुमचं वेगळं आहे."

वेगळं आहेच. मी लॅपटॉपची बॅग घेऊन विमानाने आलो, बायको सोबत होती, कुणी उतारा लिहायला लावला नाही. आपली तुलना त्या लोकांशी करणं आगाऊपणा होईल. पण आईवडिलांसाठीच्या साध्या कायम व्हिसाची रांग आज दशकांत मोजतात, आणि बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत. हे गणित मी बरीच वर्षं टाळत होतो. देशाला हात हवे असतात. त्या हातांमागची माणसं कुठे बसवायची, हा प्रश्न तो नंतरवर टाकतो. आणि खरं सांगायचं तर आपणही टाकतोच.

बाबांचं तिकीट पुढच्या महिन्याच्या बारा तारखेचं आहे. त्याआधी एकदा परत मार्केटला जायचंय. त्यांना मेथी लावायची आहे आमच्या परसात, बी आणि कुंड्या घ्यायच्यात. "मी गेल्यावर उगवेल, पाणी तेवढं घाल," म्हणालेत.

फार लांबलं. तुमच्या गावातल्या बाजाराची अशी काही कहाणी असेल तर जरूर लिहा.