बिनमालकाचा कामगार

आमचे काम हमाल-तोलणारांची संघटना चालविण्याचे. इतिहास आम्ही कोणा गुरूपाशी शिकलो नाही. शाळाच सातवीत सुटली. जे वाचले ते संघटनेच्या कचेरीत, रात्री, कायद्याची पुस्तके चाळता चाळता. तेव्हा राजेरजवाड्यांवर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. ज्याच्या पाठीवर ओझे आहे त्याचा हिशेब मात्र आम्हांला मांडता येतो. आज अशाच एका माणसाचा हिशेब मांडावयाचा आहे. त्याच्या पाठीवर पोते नव्हते, खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी होती. तालुक्याच्या गावात राहून वर्तमानपत्रांना फोटो पुरविणारा, पण कोणत्याही वर्तमानपत्राच्या हजेरीपटावर नसलेला असा हा माणूस. सणासुदीच्या दिवसांत त्याला सर्वांत अधिक काम, आणि सणाची सुट्टी, बोनस, उचल यांतले काहीच नाही.

वर्तमानपत्रात फोटो छापणे ही गोष्ट फार जुनी नव्हे. ४ मार्च १८८० रोजी न्यूयॉर्कच्या 'डेली ग्राफिक' पत्रात एका झोपडपट्टीचे छायाचित्र ठिपक्यांच्या जाळीतून छापले गेले, तो या विद्येचा आरंभ मानतात. पहिलाच फोटो गरिबांच्या वस्तीचा होता, हे आम्हांला वाचताना बरे वाटले. त्या वस्तीतल्या कोणाला त्याचे काय मिळाले ते सांगावयास नको. आपल्याकडे पुढे फोटोवरून जस्ताच्या पत्र्याचा ब्लॉक करावा लागे. तो करण्याची सोय मोठ्या शहरात, म्हणून लहान गावचा फोटो पेपरात येणे हीच नवलाई असे.

मजुरीचे म्हणाल तर होमाई व्यारावाला यांची गोष्ट बोलकी आहे. या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून आज त्यांचे नाव घेतात. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. पण १९३० नंतरच्या दशकात मुंबईत त्यांनी एका सहलीचे फोटो काढून 'बॉम्बे क्रॉनिकल'ला दिले, तेव्हा त्यांना फोटोमागे एक रुपया मिळाला, आणि आरंभीचे त्यांचे फोटो छापले गेले ते पतीच्या नावाने. राजधानीत नाव काढणाऱ्या बाईंची सुरुवात जर अशी, तर तालुक्याच्या गावात काय असेल याचा अंदाज करावा.

आमचे गाव सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे. तेथे एका अरुंद बोळात एका गृहस्थांचा फोटो स्टुडिओ होता. सारा गाव त्यांना मामा म्हणे. त्यांनी आम्हांला बजावले आहे की भाषणात माझे नाव घेऊ नका, लोकांना वाटेल मी आता मागायला निघालो. म्हणून येथेही ते नाव येणार नाही. पासपोर्ट फोटो आणि लग्नाचे आल्बम ही त्यांची भाकरी. वर्तमानपत्राचे काम हे मीठ म्हणा. तीन पत्रांना ते फोटो पाठवीत. छापून आलेल्या फोटोमागे वीस रुपये, न छापलेल्याचे शून्य. रोल त्यांचा, औषधे त्यांची, फ्लॅशचे सेल त्यांचे, मोटारभाडे त्यांचे.

गणपतीपासून दिवाळीपर्यंतचे दोन महिने ते घरी जेवताना क्वचितच दिसत. प्रत्येक मंडळाला आपल्या देखाव्याचा फोटो पेपरात हवा, आणि त्या फोटोत आरतीला आलेला पुढारी मधोमध हवा. दुपारपर्यंत फोटो काढावयाचे, स्वयंपाकघराच्या मागे पत्र्याच्या खोलीत लाल दिव्याखाली रोल धुवावयाचा, पंख्यासमोर प्रिंटा वाळवावयाच्या, मागे पेन्सिलीने मजकूर लिहून पाकीट करावयाचे आणि सहाच्या सोलापूर गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती द्यावयाचे. वर्तमानपत्राचा माणूस स्टँडवरून पाकीट उचली. गाडी चुकली की बातमी शिळी. ड्रायव्हरसाहेबांना दिवाळीत मामांकडून चिवड्याची पुडी जाई. या साऱ्या साखळीत सणाची भेट मिळणारा तो एकटाच, असे मामा हसून सांगत. दिवाळी जवळ आली की पत्रांकडून आणखी एक फर्मान येई: शुभेच्छांच्या जाहिराती गोळा करा. ज्या पुढाऱ्याचा खरा फोटो सप्टेंबरात छापला, त्याच्याच दारात ऑक्टोबरात जाहिरातीची पावती घेऊन उभे राहावयाचे. असल्या अवस्थेत कॅमेरा निर्भीड कसा राहावा, हे विचारणाऱ्यांनी आधी ती पावती पाहावी.

१९९३ साली २९ सप्टेंबरला अनंतचतुर्दशी होती. आम्ही तेव्हा तेविशीचे, संघटनेत नवे. मिरवणूक मध्यरात्रीनंतर संपली. मामा गुलालाने माखलेले, छत्तीस फोटोंच्या रोलावर एकवीस फोटो झालेले. उरलेले सकाळी नदीवर काढू म्हणून त्यांनी रोल कॅमेऱ्यातच ठेवला. पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे पडली. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीची धाबी. विसर्जन करून झोपलेली माणसे त्याखाली गेली. सरकारी हिशेबाने मृतांचा आकडा आठ हजारांच्या घरात आहे.

उजाडल्यावर आम्ही काही हमाल एका ट्रकमधून निघालो. दगड उचलणे आमच्या लोकांना येते. मामा त्याच ट्रकमध्ये चढले, अंगावर रात्रीचाच गुलाल. तेथे पोचल्यावर ते बराच वेळ कॅमेरा काढीनात. दोन ठिकाणी त्यांनी आमच्याबरोबर दगड उचलले. मग एका म्हाताऱ्यानेच त्यांना म्हटले, "अहो, तुम्ही फोटोवाले ना? मग काढा की. आमचं काय झालं ते सरकारला दिसू द्या." तेव्हा त्यांनी बाविसावा फोटो काढला. परतल्यावर रात्री रोल धुतला, आणि एका मोठ्या पत्राच्या माणसाने निरोप धाडल्याप्रमाणे प्रिंटांची वाट न पाहता निगेटिव्हच पाकिटात घालून दिल्या. "छापून परत करतो," असे त्याचे शब्द.

त्यांतले चार फोटो छापून आले, नाव कोणाचेच नाही. निगेटिव्ह आजतागायत परत आल्या नाहीत. वर्षभराने त्यांतलाच एक फोटो एका संस्थेच्या मदतीच्या आवाहनावर आम्ही पाहिला. मामांना ऐंशी रुपये मिळाले, तेही पुढच्या जानेवारीत.

यात कायदा काय म्हणतो हे पाहण्याची बुद्धी आम्हांला फार उशिरा झाली. इंग्रजी अमदानीत, १९१४ च्या कायद्याप्रमाणे, ज्याच्या मालकीची मूळ निगेटिव्ह तोच फोटोचा कर्ता मानला जाई. म्हणजे ज्याची काच त्याचा हक्क. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने हे बदलले आणि फोटो काढणारालाच कर्ता ठरविले. मात्र कोणी मोबदला देऊन फोटो काढवून घेतला, तर वेगळा करार नसल्यास पहिली मालकी काढवून घेणाराची. पत्राच्या नोकराने नोकरीत काढलेल्या फोटोवर प्रकाशनापुरता हक्क पत्राच्या मालकाचा. आता मामांचा खटला घ्या. त्यांना कोणी पाठविले नव्हते, ते कोणाचे नोकर नव्हते, रोल त्यांचा होता. त्या फोटोंचे धनी तेच होते. लग्नाच्या फोटोवर त्यांचा हक्क नव्हता आणि भूकंपाच्या फोटोवर पुरा होता. आणि त्यांनी नेमकी लग्नाची निगेटिव्ह कपाटात जपली आणि भूकंपाची देऊन टाकली.

त्याच वर्षी दिवाळीपूर्वी आम्ही आडत बाजाराच्या फाटकावर हमालांची बोनससाठी सभा घेतली. मामांनी फोटो काढले. एक छापून आला, अडते नरमले, धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी पैसे वाटले गेले. पेढे घेऊन आम्ही बोळात गेलो. मामा डार्करूममधून बाहेर आले, पेढा घेतला आणि म्हणाले, "भाऊ, तुमच्या लोकांना मिळालं, बरं झालं. माझा बोनस कुठल्या फाटकावर मागू?" आम्ही तरुण होतो, तोंडाळ होतो. उत्तर दिले, "मामा, तुमचा धंदा स्वतंत्र. तुम्हांला मालकच नाही, तर बोनस कोण देणार?" ते काही बोलले नाहीत. सभेच्या फोटोंचे त्यांचे बिल आमच्या संघटनेकडेही थकले होते, हे येथे सांगून टाकतो. ते पुढच्या गुढीपाडव्याला चुकते झाले.

आमचे ते उत्तर शब्दशः कोणाचे होते हे आम्हांला नंतर उमगले. "तुम्ही दिवसाला दहा दुकानांचा माल उचलता, तुमचा मालक कोण?" असे व्यापारी हमालांना विचारीत आले. याच प्रश्नावर कितीतरी वर्षे हमाल कामगारच नव्हता. १९५६ साली पुण्यात हमाल पंचायत उभी राहिली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र केले, आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी-हमालांचा कायदा केला. त्यातली युक्ती साधी आहे. मालक एक नसेना का, मंडळ एक असू द्या. प्रत्येक व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरलेली लेव्ही मंडळात भरावी. मंडळाने मजुरी वाटावी, भविष्यनिधी, रजा, बोनस त्या लेव्हीतून द्यावा. कायदा झाल्यावरही आमच्या बाजारात तो आणण्यासाठी आम्हांला पुष्कळ चपला झिजवाव्या लागल्या. पण एका मालकाचा नसलेला माणूसही कामगार असतो, हे महाराष्ट्राने कागदावर मान्य केले होते. ते पाठ म्हणणारे आम्ही, मामांपुढे व्यापाऱ्यांचा प्रश्न विचारून मोकळे झालो.

पत्रकारांसाठीही कायदा होता. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याच्या व्याख्येत वृत्तछायाचित्रकार हा शब्द स्पष्ट लिहिलेला होता. पण अट अशी की पत्रकारिता हा त्याचा मुख्य व्यवसाय असावा आणि तो नोकरीस असावा. वीस रुपयांवर कोणाचा मुख्य व्यवसाय चालतो? म्हणून तो लग्ने घेणार, आणि लग्ने घेतो म्हणून कायद्याबाहेर राहणार. २०२० साली संसदेने संमत केलेल्या संहितेत तो कायदाच विलीन करण्यात आला. त्याच्या सावलीत मामांसारखे कधी आलेच नव्हते, त्यामुळे बोळात कोणी त्याचे सुतक धरले नाही.

आता मिरवणुकीचा फोटो मंडळाचा पोरगाच मोबाइलवर काढतो आणि फुकट धाडतो. मामांनी स्टुडिओ नातवाच्या झेरॉक्सच्या दुकानाला दिला आहे. गेल्या गणपतीत आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा पुढे केला. त्यात त्या रोलाचे तुकडे होते. निगेटिव्ह सहा-सहांच्या पट्टीत कापण्याची रीत असते. मिरवणुकीच्या पट्ट्या मंडळांच्या मागणीसाठी त्यांनी ठेवून घेतल्या होत्या, आणि त्यांतली शेवटची पट्टी एकोणीस ते चोवीसची. तीन घरांत ढोल-लेझीम आहे, पुढच्या तीन घरांत पडलेल्या भिंती आणि दगड उपसणारे आमचे हमाल. मधे काळ्या रेघेएवढे अंतर.

ती पट्टी आता आमच्या कचेरीच्या कपाटात आहे. पाकिटावर तारीख आणि त्यांचे पुरे नाव लिहिले आहे. सोबत एक स्टँपपेपर आहे; त्यावर आम्ही लिहून दिले आहे की फोटो त्यांचे, संघटनेकडे ठेव म्हणून, आणि कोणी छापावयास मागितल्यास आधी त्यांना विचारावे व पैसे त्यांच्या हाती द्यावेत. सही करताना मामांनी विचारले, "वीस रुपयेच लिहिले नाहीत ना?" आकड्याची जागा आम्ही कोरी ठेवली आहे.