बाप्तिस्म्यानंतरचे दिवस

मराठी ख्रिस्ती जीवनाचा अभ्यास करू पाहणारा माणूस बहुतेक वेळा धर्मांतराच्या कथेपासून सुरुवात करतो. 1854 साली बेळगावात बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा झाला, 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे पंडिता रमाबाईंचा, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत नारायण वामन टिळकांचा. या दिवसांनी घरे हादरली, गावगप्पा झाल्या, आणि पुढे चरित्रकारांनी व संशोधकांनी त्या एकेका दिवसाची कारणे शोधण्यात मोठी मेहनत घेतली. ते काम आवश्यकच होते. पण टिळक त्यानंतर 24 वर्षे जगले, रमाबाई 38 वर्षे, पदमनजी तर 52 वर्षे. या वर्षांत ते कुणाच्या पंक्तीला बसले, रागाच्या भरात काय बोलले, हातात आलेला पैसा कुठे गेला, रात्री कशासाठी प्रार्थना केली, हे विचारणारे फार थोडे निघाले. त्या थोड्यांत आपण सामील व्हावे, एवढ्यासाठी ही प्रस्तावना आहे.

हा प्रश्न बाहेरून लादलेला नाही. येशूच्या शिकवणुकीतच तो आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरचे प्रवचन वाचताना जाणवते की तिथे सिद्धांताला जागा थोडी आणि वागणुकीला फार आहे. शपथ वाहू नका, होय म्हणजे होय असू द्या. भावाचे मन आपल्याविरुद्ध आहे हे आठवले तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी समेट करून या. प्रार्थना लोकांना दिसावी म्हणून करू नका. याकोबाच्या पत्रात तर जिभेवर जवळजवळ एक अध्याय खर्ची पडला आहे. म्हणून बोलणे, देणेघेणे, खाणेपिणे यांना किरकोळ समजून जो अभ्यासक थेट ईश्वरविद्येकडे जातो, त्याच्या हातून ख्रिस्ती श्रद्धेचा मोठा भाग निसटतो असे माझे स्पष्ट मत आहे.

मराठीतली या विषयाची सर्वांत जुनी मोठी साक्ष 1616 सालची आहे. विल्टशायरमध्ये जन्मलेला आणि 1579 साली गोव्यात उतरलेला जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. त्याच्या आरंभीच्या प्रसंगाकडे नव्या वाचकाने अवश्य लक्ष द्यावे. एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की तुम्ही आमची पूर्वीची पुराणे बंद केलीत, मग आम्ही आता वाचायचे काय? गोव्यातल्या साष्टीत देवळे पाडली गेली होती, पोर्तुगीज सत्तेचा धाक होता, आणि त्या काळातल्या सक्तीचा हिशेब कोणत्याही प्रामाणिक अभ्यासाने मांडलाच पाहिजे. पण प्रश्न विचारणाऱ्याची अडचण वेगळी होती. बाप्तिस्मा झाला, संध्याकाळ रिकामी राहिली. घरात पूर्वी जी ओवी घुमत होती तिच्या जागी काय घुमणार? स्टीफन्सने उत्तरादाखल ओवीच दिली. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदात येशूचे चरित्र ऐकायची सोय झाली, आणि गोव्यात व मंगळूरकडच्या कॅथलिक घरांत ते पुढे दीर्घकाळ ऐकले गेले. मराठी ख्रिस्ती साहित्याचा पहिला महाग्रंथ बाप्तिस्म्यानंतरच्या दिवसांच्या गरजेतून जन्मला, ही गोष्ट मला या सगळ्या अभ्यासाची पायाभरणी वाटते.

यानंतर थेट नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्याकडे वळतो, कारण या विषयात त्यांच्याइतके कुणीच दिलेले नाही. पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र मुख्यतः श्रद्धेपर्यंत पोचण्याच्या वाटेचे आहे. ग्रंथ वाचले, शंका आल्या, वाद झाले, निश्चय झाला. 1934 ते 1937 या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेली लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ मात्र भांड्याकुंड्यांची, मुलांच्या आजारपणाची, नवऱ्याशी झालेल्या भांडणांची आहेत. लक्ष्मीबाईंचे बालपण वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याने ग्रासलेले. टिळक ख्रिस्ती झाल्यावर त्या काही वर्षे नातेवाइकांच्या आधाराने वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र राहू लागल्या तेव्हाही त्यांची चूल वेगळी होती. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यात, आणि छप्पर एकच. त्या घरात धर्म हा वादाचा विषय राहिलाच नव्हता. पाण्याचा तांब्या कुणी उचलला याचा तो विषय झाला होता.

मग राहुरीच्या मुक्कामात एका विचाराशी त्यांचे मन अडले. जाती देवाने केल्या की माणसांनी? माणसांनीच, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले. हे घडले तेव्हा त्यांचा बाप्तिस्मा व्हायचा होता. तो 1900 साली झाला. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. आपण समजतो की आधी मत बदलते, मग संस्कार होतो, मग वागणूक बदलते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत आधी हात बदलला. ज्या हाताने इतकी वर्षे इतरांचा स्पर्श टाळला, तोच पाण्यासाठी पुढे झाला, आणि श्रद्धेचे शब्द मागून आले. धर्मांतराच्या संशोधनात अजूनही कागदपत्रे व पत्रव्यवहार यांवर भर असतो. स्वयंपाकघरातली ही कालगणना लावून पाहिली तर कितीतरी चरित्रे नव्याने लिहावी लागतील.

टिळकांकडेही याच दृष्टीने पाहावे. ते कवी म्हणून थोर होते, तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो असे ते मानत, आणि त्यांची गीते आजही ‘उपासना संगीत’ उघडले की हाताशी येतात. पण घरात ते तापट होते, पैसा त्यांच्याजवळ टिकत नसे, आणि अनाथ, विद्यार्थी, कवी यांना त्यांचे दार सदैव उघडे असे. बालकवी ठोमरे नगरला त्यांच्याकडे राहिले ते ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे, घरचे होऊन. या पाहुणचाराचा भार लक्ष्मीबाईंनी उचलला. औदार्य एकाचे आणि श्रम दुसऱ्याचे, हे त्या संसाराचे सत्य लपवण्याचे काही कारण नाही. श्रद्धा कुटुंबात जगली जाते तेव्हा तिची किंमत घरातली माणसे सारखी भरत नाहीत, हे या अभ्यासाने सांगितले पाहिजे. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले आणि ते पुढे नेले ते ज्यांना पूर्वी जेमतेम वाचता येत होते त्या लक्ष्मीबाईंनी, हेही त्याच हिशेबात धरावे.

रमाबाईंचा स्वभाव वेगळा; त्यांच्या निवडी जाणूनबुजून केलेल्या, आणि त्यांची कारणे त्या लिहून ठेवत. इंग्लंडमधल्या त्यांच्या पत्रव्यवहारात गळ्यातल्या क्रुसावर कोणत्या भाषेत अक्षरे असावीत यावरून वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी वाद झालेला दिसतो. लॅटिन नको, संस्कृत हवे, असा रमाबाईंचा आग्रह. त्या शाकाहारीही राहिल्या, आणि त्यात जुन्या अभिमानाचा अवशेष आहे असे जेराल्डीनना वाटे. वरवर पाहता क्षुल्लक गोष्टी. पण एक स्त्री इथे ठरवते आहे की ख्रिस्त स्वीकारताना इंग्रजांचे जेवण आणि रोमची भाषा स्वीकारायची नाही. श्रद्धा कुणाची आणि रीत कुणाची हा निवाडा तिने धर्मपीठासमोर न नेता स्वतःच्या ताटात आणि गळ्यात केला. पुढे त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळात उचलून आणलेल्या मुली-बायका राहू लागल्या, तेव्हा रमाबाईंनी बायबलचे भाषांतर त्यांना समजेल अशा साध्या मराठीत करायला घेतले. त्यासाठी हिब्रू व ग्रीक शिकल्या. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर 1924 साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडला, आणि छापण्याच्या कामात तिथल्या स्त्रियांचे हात होते.

प्रार्थनेचा अभ्यास मात्र सर्वांत अवघड, कारण ती बहुतेक वेळा कागदावर येत नाही. येते तेव्हा गीत होऊन येते, किंवा भांडणाचे निमित्त होऊन. 1905 साली मुक्तीत जागृतीची लाट आली आणि शेकडो मुली-बायका एकाच वेळी मोठ्याने, रडत, आपापल्या शब्दांत प्रार्थना करू लागल्या. शिस्तीची उपासना पाहण्याची सवय असलेल्यांना ते खटकले. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली. दुष्काळात आईबाप गमावलेल्या, विधवा म्हणून हाकललेल्या या बायकांना पहिल्यांदाच मोठ्याने बोलायची मुभा मिळाली होती, आणि ती त्यांनी देवाशी बोलताना वापरली. त्या प्रार्थनांचे शब्द आपल्याजवळ नाहीत. त्या झाल्या, आणि त्यांचा आवाज कुणाला तरी सहन झाला नाही, एवढे मात्र ठाम माहीत आहे. इतिहासकाराने एवढ्यावरही उभे राहायला शिकावे.

वसईकडे आलो की चित्र बदलते. तिथला कॅथलिक समाज पोर्तुगीज काळापासूनचा. वाडीवाडीतले क्रूस, घरातली संध्याकाळची रोझरी, कादोडीसारख्या बोलीतले बोलणे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली आणि वेदीवरची व घरातली भाषा जवळ आल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी अनेक वर्षे ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले, ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले, आणि वसईची शेती, विहिरी, झाडी वाचवण्याच्या चळवळीत पुढे उभे राहिले. 2020 साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा एका पाद्रीची निवड झाली म्हणून विरोध करणारेही निघाले. मला त्यांच्यात सर्वांत शिकण्यासारखे वाटते ते हे की विहिरीचे पाणी हा त्यांना प्रवचनाइतकाच श्रद्धेचा विषय वाटला.

या अभ्यासातली एक जागा दुखरी आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. नगर व आसपासच्या जिल्ह्यांत ख्रिस्ती मंडळ्या मुख्यतः दलित जातींतून उभ्या राहिल्या. प्रभुभोजनाला सगळ्यांनी एकत्र यायचे, हा त्या काळात फार मोठा शब्द होता, आणि अनेकांनी तो पाळला. तरी जातीचे अंतर मंडळीतही पुरते संपले नाही. शिवाय 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात काय लिहायचे, मुलाचे नाव काय ठेवायचे, रविवारी कुणाला दिसेल अशा रीतीने चर्चमध्ये जायचे की नाही, हे कितीतरी घरांत रोजचे ठरवणे झाले. ‘होय म्हणजे होय’ हे वाक्य उच्चवर्णीय ख्रिस्ती माणसाला जितके सोपे जाते तितके इथे जात नाही. या माणसांना दुटप्पी ठरवणारा अभ्यासक मला नकोसा वाटतो. त्यांची प्रार्थना घरात चालू असते, आणि कागदावर न दिसणारी श्रद्धा वाचायला शिकणे हीच आपल्या कामाची खरी कसोटी आहे.

जगात अन्यत्र या प्रकारच्या अभ्यासाला आता चांगली परंपरा आहे. रॉबर्ट ओर्सी यांचा न्यूयॉर्कमधील हार्लेमच्या इटालियन स्थलांतरितांच्या मरियामातेच्या भक्तीवरचा ग्रंथ 1985 साली आला, आणि सणाचा दिवस, जेवणाची पंगत, सुनांची कुचंबणा यांतून धर्म वाचता येतो हे त्याने दाखवले. आपल्याकडे गंगाधर मोरजे यांनी ‘ख्रिस्ती मराठी वाङ्मय’ या विषयाची मांडणी केली, मीरा कोसंबी यांनी रमाबाईंचे लेखन पुन्हा वाचकांपुढे ठेवले, दीप्रा दांडेकर यांनी एकोणिसाव्या शतकातील धर्मांतरितांची कथने उलगडली. या पायावर पुढचे बांधायचे आहे.

नव्याने येणाऱ्याने ‘स्मृतिचित्रे’ आधी वाचावीत, संपूर्ण, आणि घाई न करता. त्यानंतर 1842 साली नगरला सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’चे जुने अंक घ्यावेत, अग्रलेख बाजूला ठेवून मृत्युलेख, मंडळीच्या बातम्या आणि वाचकांची पत्रे पाहावीत. कुणाच्या मृत्युलेखात ‘कुणाशी वैर धरले नाही’ असे लिहिले जाते आणि कुणाच्या नाही, हे मोजण्यासारखे आहे. घरातल्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात, त्यांचे फोटो घ्यावेत, अर्थात घरच्यांच्या परवानगीने. ख्रिस्ती कीर्तनांची हस्तलिखिते अजून कपाटांत आहेत. आणि वयोवृद्ध स्त्रियांशी बोलताना त्या प्रार्थना कधी करतात, कुणाची नावे घेतात, कुणाला क्षमा करणे जमले नाही, हे त्यांच्याच बोलीत टिपून घ्यावे. ते प्रमाण मराठीत सुधारून लिहू नये. कादोडीतली किंवा नगरकडची प्रार्थना तशीच राहू द्यावी, शेजारी अर्थ लिहावा, आणि बोलणारीला तिचे लिहिलेले वाचून दाखवावे.